चुंबकाचा पट्टा आणि टीएमएस: एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी

गुडघ्याला बांधायचा चुंबकाचा पट्टा विकणारा हमखास एक वाक्य टाकतो: "अहो, मोठ्या हॉस्पिटलातसुद्धा चुंबकाने उपचार करतात!" वाक्य खोटं नाही. फसगत पुढे आहे.

हॉस्पिटलातला तो उपचार म्हणजे टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन), कवटीबाहेरून चुंबकीय क्षेत्राने मेंदूला चेतवणं. 1985 साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे यंत्र दाखवलं. डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरतात आणि त्यातून मिलिसेकंदाहूनही कमी वेळ जबरदस्त वीजप्रवाह सोडतात. दीड-दोन टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चुंबकीय क्षेत्र उसळतं आणि लगेच विरतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते, हे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने 1831 मध्येच दाखवलं होतं. सायकलचा डायनॅमो त्यावरच चालतो. इथे ती वीज मेंदूत तयार होते आणि पेशींना चेतवते. म्हणजे काम विजेचं, चुंबक नुसता हमाल. औषधांनी न हटलेल्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) 2008 मध्ये याला मान्यता दिली.

पट्ट्यातला चुंबक मात्र स्थिर. चाक न फिरवता डायनॅमोचा दिवा लागेल का? चालताना थोडीफार वीज झालीच, तरी ती मज्जातंतूंच्या खिजगणतीतही नसते.

मग "रक्तातलं लोह खेचलं जातं" हे पालुपद येतं. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही; ऑक्सिजनने भरलेलं रक्त चुंबकापासून उलट किंचित दूरच लोटलं जातं. एमआरआयमध्ये दीड किंवा तीन टेस्लाच्या चुंबकात माणूस अर्धा तास पडून राहतो. रक्त खेचलं जात असतं, तर तो धडपणे उठला असता का?

वेदनेवर अशा स्थिर चुंबकांच्या चाचण्याही झाल्यात, पण त्यात एक गंमत आहे. तुलनेसाठी काही रुग्णांना न सांगता बनावट पट्टा देतात, पण आपला पट्टा खरा की बनावट, हे रुग्ण घरची लोखंडी किल्ली चिकटवून ओळखू शकतो! 2007 मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा आला: वेदना कमी होण्यात ठोस फरक नाही. झिजलेल्या सांध्यांपुरता प्रश्न तेवढा खुला ठेवला होता. पट्ट्याने बरं वाटतं ते बहुधा आधारामुळे, उबेमुळे. शिवाय दुखणं आपसूक चढतं-उतरतंच.

टीएमएसआधी डॉक्टर विचारतात: डोक्यात धातूची क्लिप आहे का, कधी फिट आली होती का, पेसमेकर आहे का? पट्टा विकणारा काहीच विचारत नाही. चुंबक पेसमेकरच्या अगदी जवळ आला, तर यंत्र हृदयाचं ऐकणं सोडून ठरावीक ठेका धरू शकतं.