पाणी न शिरणारी डबी

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचे विद्युत उपकरण. त्याची गोष्ट सहसा श्रवणविज्ञानाची म्हणून सांगितली जाते. पण सिडनीच्या कॉक्लिअर लिमिटेड या कंपनीचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा एका डबीत पाणी शिरू न देण्याचा इतिहास आहे.

मूळ कल्पना कारखान्यातली नव्हती. मेलबर्न विद्यापीठातील प्राध्यापक ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येत असे. आतल्या कानातील शंखाकृती नळीच्या बुडाशी उंच स्वर टिपले जातात आणि टोकाकडे खालचे. तेथील केशपेशी निकामी झाल्या असतील, तर त्यांना वगळून श्रवणचेतेलाच जागोजागी विजेचे स्पंद द्यावेत, असा क्लार्क यांचा विचार होता. त्यासाठीची तार वेटोळ्यात इजा न करता सरकवायची कशी, हा पेच १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सुटला : बुडाशी ताठ आणि शेंड्याला लवचीक असे गवताचे पाते त्यांनी शंखात घालून पाहिले, तर ते सहज आत गेले. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये त्यांनी पहिले रोपण केले.

एका रुग्णावर यश मिळणे वेगळे आणि वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू हजारोंनी बनवणे वेगळे. येथे पॉल ट्रेनर यांचा न्यूक्लिअस हा उद्योगसमूह पुढे आला, ज्याची टेलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी हृदयासाठी पेसमेकर बनवत असे. शरीरातील खारट द्रवापासून परिपथ वाचवण्यासाठी टायटॅनियम आणि सिरॅमिक यांचा सांधा कसा जोडायचा, हे तेथील अभियंत्यांना ठाऊक होते. मात्र पेसमेकरच्या डबीतून एक-दोन तारा बाहेर येतात, तर येथे बाविसांहून अधिक काढायच्या होत्या, आणि त्याही कानामागच्या हाडात मावेल एवढ्या डबीतून. माझ्या मते, याच समूहातून उभ्या राहिलेल्या कॉक्लिअर कंपनीची खरी कमाई ती हीच. १९८२ मध्ये बाविस इलेक्ट्रोडचे व्यापारी उपकरण रुग्णाला बसवले गेले; १९८५ मध्ये अमेरिकेने ते प्रौढांसाठी आणि १९९० मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठी मान्य केले. १९९५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

सप्टेंबर २०११ मध्ये मात्र त्याच सांध्याने दगा दिला. नव्या सीआय-५०० मालिकेतील काही डब्यांच्या झाळलेल्या सांध्यांना सूक्ष्म तडे जाऊन ओलावा आत शिरत होता आणि उपकरण बंद पडत होते. न बसवलेली उपकरणे कंपनीने परत मागवली. बसवलेली चालू होती तोवर काढली नाहीत. आणि शल्यचिकित्सकांना पुरवले ते आधीच्या पिढीचे, जुन्या डबीतले उपकरण.