भुरी की केवडा? आधी पान उलटा

इंदूरला सुदामानगरात आमच्या घरामागे मांडवावर एकच द्राक्षवेल आहे. तिच्या द्राक्षांची वाईन करायचा बेत मुलाचा. मध्य प्रदेशात त्यालाही आबकारी परवाना लागतो म्हटल्यावर गाडी सिरक्यावर आली. पण वाईन काय नि सिरका काय, वेलीवर पांढरं दिसलं की आधी ते निस्तरावं लागतं. आणि हे पांढरं दोन तऱ्हेचं असतं: भुरी आणि केवडा, वेलीचे दोन वेगळे रोग.

पहिल्या वर्षी मी फसले. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटवे हातभर झाले आणि जाता जाता पाऊस दोन दिवस मुक्कामाला आला. आठवड्यात पानांवर पिवळे डाग, खाली पांढरं. दुकानदाराने "पांढरी बुरशी ना?" म्हणत गंधक दिलं. मी ते मारलं आणि कळ्यांचे घोस तपकिरी होऊन गळाले. पिंपळगाव बसवंतच्या मामेभावाला फोटो धाडला तर म्हणतो, "ताई, हा केवडा. गंधकाने त्याला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत."

केवडा ओळखायचा तर पान उजेडासमोर धरा. वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळट डाग आणि बरोबर त्याच्याच पाठीमागे पांढरी, कापसासारखी लव. ती खालीच येते, कारण पानाची श्वासरंध्रं तिथे असतात. शंका असेल तर डागाचं पान ओल्या कागदासोबत पिशवीत बांधून रात्रभर अंधारात ठेवा. केवडा असला तर सकाळी बहुधा लव धरलेली दिसते. नाव सुगंधी असलं तरी हा खरं तर बुरशीच नाही, शेवाळाच्या गोतातला जीव आहे. आपल्या माळव्यातल्या बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याचा भाऊबंद. पान ओलं राहिल्याशिवाय त्याला आत शिरता येत नाही.

भुरी म्हणजे चुलीतली राख कुणी फुंकरली असावी तशी. पानाच्या दोन्ही बाजूंना, देठावर, मण्यांवरही. बोटाने पुसली तर पुसली जाते. तिला पाऊस नको; उलट जोराच्या पावसाने ती धुऊन जाते. ढगाळ, दमट पण बिनपावसाचे दिवस आणि दाट सावलीचा मांडव तिला मानवतो, म्हणून ती आमच्याकडे मागाहून, मणी धरल्यावर येते. कोवळ्या मण्याला लागली की सालीची वाढ थांबते, गर वाढतच राहतो आणि मणी तडकतो.

भुरीला गंधक चालतं: पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं, लिटरला 2 ग्रॅम. भर उन्हात मारू नका, पानं करपतात. केवड्याला मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो मिश्रण. याची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समध्ये बोर्डोकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. त्याच वेली केवड्यातून वाचल्या हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरलं आणि 1885 मध्ये ते छापून आलं. (आमच्या कुंपणालगतचे घड गल्लीतल्या पोरांपासून अजून तरी कशानेच वाचलेले नाहीत.) 10 लिटरला 100 ग्रॅम मोरचूद आणि तितकाच चुना, कोवळ्या पानांवर निम्म्या ताकदीचं. प्लास्टिकच्या बादलीत करा आणि त्याच दिवशी संपवा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. आणि केवडा दिसल्यावर धावण्यापेक्षा पावसाचा रंग दिसताच मारलेलं बरं.

भुरीचे घड मात्र रसात घालू नका, बुरसट वास उतरतो. गंधकही काढणीच्या महिना-दीड महिना आधी बंद. त्याचा अंश रसात गेला तर आंबताना सडक्या अंड्यांचा वास सुटतो, आणि बरणीचं झाकण उघडल्याबरोबर तो स्वयंपाकघरभर होतो.