कलरीमीटरचं शून्य कुठल्या पाण्यावर लावायचं?

जुलैत पंचगंगा तांबडी होऊन वाहू लागली की कोल्हापूरच्या नदीकाठच्या गावांत टीसीएल पावडरीकडे, म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या ब्लीचिंग पावडरीकडे, बारीक लक्ष द्यावं लागतं. शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन उरलंय का, हे जलसुरक्षक, म्हणजे गावाच्या पाण्यावर लक्ष ठेवणारे कर्मचारी, ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टने पाहतात. पिवळा रंग आला म्हणजे आहे. किती, ते नजरेच्या अंदाजावर. रंग किती गडद आहे हे मोजणारा, हातात मावणारा कलरीमीटर थेट आकडा देतो. पण गढूळ पाण्यात तोच आकडा सहज फसवतो.

पाण्यात डीपीडी पावडर टाकली की मोकळ्या क्लोरीनमुळे गुलाबी रंग चढतो. यंत्र त्यातून साधारण 520 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडतं. रंग जितका गडद, तितका प्रकाश जास्त अडतो. तो कशामुळे अडला, हे मात्र यंत्राला कळत नाही. गाळ, बोटाचा ठसा, गार पाण्याने बाटलीबाहेर धरलेला ओलावा, सगळं ते क्लोरीनमध्येच धरतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 नुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन हवं. इतक्या बारीक आकड्यात एक डागही महागात पडतो.

म्हणून शून्य लावायचं, म्हणजे यंत्राला ‘हे शून्य धर’ असं सांगायचं, ते त्याच नळाच्या, पावडर न टाकलेल्या पाण्यावर. डिस्टिल्ड वॉटरवर नाही. मग गढूळपणा आपोआप वजा होतो. बाटली तीच, बाहेरून कोरडी पुसलेली, खूण त्याच दिशेला. पावडर टाकल्यावर मिनिटाच्या आत वाचन घ्यावं.

एवढ्याने कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा आकडा बरोबर आहे का याची पडताळणी, होत नाही. तराजूचा काटा शून्यावर असला तरी शिक्क्याचं वजन ठेवून पाहावंच लागतं. क्लोरीनचं द्रावण टिकत नाही, म्हणून वजनाच्या जागी पोटॅशियम परमँगनेट वापरतात, आणि ही युक्ती मला फार आवडते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत 0.891 ग्रॅम मोजून 1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं. त्यातलं 10 मिली घेऊन 100 मिली करायचं, त्यातलं 1 मिली पुन्हा 100 मिली. डीपीडी टाकल्यावर याला लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीनइतकाच गुलाबी रंग येतो. शेवटच्या पायरीला 0.2 मिली घेतलं, तर 0.2 चं द्रावण मिळतं. खरी परीक्षा तिथेच करावी, कारण पाणी पास की नापास हे त्याच आकड्यावर ठरतं. वाचन चुकलं तर आधी बाटली आणि पावडरीची मुदत बघावी. यंत्राच्या सेटिंगला हात सगळ्यात शेवटी.

टाकीत नुकतंच टीसीएल टाकलेलं असेल तर आणखी एक धोका असतो. क्लोरीन फार झालं की गुलाबी रंगच उडतो आणि यंत्र जवळपास शून्य दाखवतं. अशा वेळी टाकीत आणखी टीसीएल ओतू नये. नमुना डिस्टिल्ड वॉटरने दहापट पातळ करून पुन्हा मोजावा आणि आकड्याला दहाने गुणावं.