सोयेरची लाकडी ट्रेन, मायोर्का

स्पेनच्या मायोर्का बेटावर पाल्मा ते सोयेर अशी २७ किलोमीटरची नॅरो गेज लाईन आहे, तीच सोयेरची ट्रेन. आता तिच्यात बहुतेक टुरिस्टच दिसतात, सकाळी पाल्माहून निघायचं, तासाभरात सोयेर, पुढे ट्रामने बंदर, जेवून संध्याकाळी परत. पण गाडी काही टुरिस्टसाठी काढलेली नाही, ती काढली संत्र्यांसाठी.

सोयेर म्हणजे त्रामुंताना डोंगरांनी वेढलेलं खोरं, आत नुसत्या संत्र्या-लिंबांच्या बागा. पाल्माला जायचं तर मध्ये जवळपास ५०० मीटर उंचीवरची खिंड आणि वळणावळणाचा घाट, म्हणून मग गावाचं येणंजाणं पाल्मापेक्षा फ्रान्सशी जास्त, संत्री बोटीने तिकडे जायची आणि पोरंही तिकडेच जाऊन दुकानं टाकायची. शेवटी गावकऱ्यांनीच शेअर्स घेऊन कंपनी उभी केली, पुढाकार जेरोनी एस्तादेसचा, इंजिनियर पेरे गराऊ, आणि १६ एप्रिल १९१२ ला गाडी सुरू झाली. घाट चढायच्या भानगडीत न पडता त्यांनी सरळ डोंगरच पोखरला. एकूण १३ बोगदे, त्यातला सगळ्यात मोठा २८७६ मीटरचा. सुरुवातीला वाफेचं इंजिन होतं, १९२९ ला वीज आली.

खरी मजा बुन्योला स्टेशन गेल्यावर. मोठ्या बोगद्यात डब्यातले पिवळे दिवे तेवढे दिसतात, लाकूड करकरत असतं, आणि बाहेर पडलं की एकदम खाली अख्खं सोयेर, मग शेवटच्या सातेक किलोमीटरमध्ये जवळपास २०० मीटर उतरत, वळसे घेत, पाच कमानींच्या पुलावरून गाडी गावात येते. काही फेऱ्या वर फोटोसाठी थांबतात.

सोयेरचं स्टेशन एका जुन्या वाड्यात आहे आणि तिथेच पिकासोची सिरॅमिक्स आणि मिरोची चित्रं मांडलीत, घाईत बहुतेक लोक न बघताच ट्राम पकडतात, तसं करू नका. ट्राम १९१३ ची, पाचेक किलोमीटर. म्हणतात की ३० किलोमीटरच्या वर लाईन असली तरच सरकारी मदत मिळायची, म्हणून ती बंदरापर्यंत वाढवली. काही डबे लिस्बनहून आणलेले सेकंडहँड आहेत. चौकात ती चर्चसमोर कॅफेच्या टेबलांना अगदी खेटून जाते, ज्यूस पिणारे खुर्च्या जरा आत ओढतात, की पुन्हा गप्पा सुरू.

१९९७ ला डोंगराखालून रस्त्याचा बोगदा झाला आणि गावकऱ्यांचं ट्रेनवाचून अडायचं थांबलं, बसने लवकर पोचता येतं आणि स्वस्तही पडतं. त्यामुळे बरेच जण जाताना ट्रेन आणि येताना बस करतात. परतीची शेवटची गाडी संध्याकाळी लवकरच सुटते, त्यामुळे बंदरावर जेवायला बसायच्या आधी टाइमटेबल बघून घ्या.