दप्तर ठेवल्यानंतरचा टीव्ही : नाशिकमधील एका सवयीची पार्श्वभूमी

शाळेतून आल्यावर टीव्हीवर काय पाहत होतात, असा प्रश्न नाशिकमध्ये वाढलेल्या तीन वेगवेगळ्या वयांच्या माणसांना विचारला, तर तीन उत्तरे इतकी निराळी येतात की ती एकाच शहरातली आहेत का, अशी शंका यावी. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ सहसा सांगतात की शाळेनंतर टीव्ही नव्हताच, जो होता तो रविवारी, चाळिशीतली व्यक्ती ‘स्वॅट कॅट्स’ आणि ‘स्मॉल वंडर’ची नावे घेते, आणि पंचविशीतल्या तरुणाला डोरेमॉनचे हिंदी संवाद अजून पाठ असतात. हा फरक आवडीनिवडीचा आहे असे समजले जाते, परंतु त्याचे खरे कारण आवडीत फारसे सापडत नाही. कोणत्या वर्षी टीव्हीचा कोणता संदेश नाशिकच्या छपरांपर्यंत पोहोचला, तो कोणत्या भाषेत पोहोचला आणि त्या वेळी मूल शाळेत होते की घरी, यावर या आठवणी ठरल्या आहेत.

दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की त्या अडतात. पुण्याची सोय सिंहगडावर प्रक्षेपक बसवून झाली. नाशिक मात्र मुंबईपासून रस्त्याने सुमारे १७० किलोमीटरवर आणि मध्ये सह्याद्रीची भिंत, त्यामुळे कसारा घाट चढून मुंबईचे चित्र नाशिकला नीट येणे शक्यच नव्हते. हौशी मंडळी गच्चीवर दोन मजली उंचीचा लोखंडी पाइप उभारून त्यावर अँटेना बसवीत, बूस्टर जोडीत, आणि हवा अनुकूल असली तर मुंग्यांच्या, म्हणजे पडद्यावर लुकलुकणाऱ्या ठिपक्यांच्या, गर्दीतून एखादा चेहरा ओळखू येई. टीव्हीसाठी त्या काळी रेडिओप्रमाणेच परवाना काढून शुल्क भरावे लागे, तेव्हा मुंग्या पाहण्यासाठी एवढा खर्च करणारी घरे थोडीच असणार.

आणि नेमक्या याच वर्षांत मुंबई केंद्र मराठीतून भरभरून कार्यक्रम करीत होते. मुलांसाठी ‘किलबिल’ होता, मोठ्यांसाठी ‘गजरा’ आणि ‘ज्ञानदीप’, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’; ‘चिमणराव’ पाहण्यासाठी शेजारच्यांच्या घरात चपलांचा ढीग साचत असे तो दादर-गिरगावात. नाशिकच्या मुलांना यातले बहुतेक ऐकून ठाऊक होते. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीत मुंबईच्या मामाकडे जाऊन आलेला मुलगा परत आल्यावर आळीत भाव खाऊन जाई, याचे एक कारण हेच होते.

परिस्थिती बदलली ती १९८२ नंतर. त्या वर्षी १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून एकाच वेळी देशभर जाणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. इन्सॅट-१ए हा उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला, परंतु ऑगस्ट १९८३ मध्ये सोडलेला इन्सॅट-१बी टिकला आणि त्याच्या भरवशावर १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक बसवण्याची मोहीम धडाक्याने राबवली गेली. या प्रक्षेपकाची रचना साधी असते. मोठी तबकडी उपग्रहावरून कार्यक्रम उचलते आणि शंभर वॉटसारख्या अल्प शक्तीचा प्रक्षेपक तो आसपासच्या काही किलोमीटरांत पुन्हा सोडतो. मात्र उपग्रहावर जे असेल तेच त्याला सोडता येते, आणि उपग्रहावर होता तो दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. या एका तांत्रिक गोष्टीचा परिणाम फार दूरवर झाला, असे मला वाटते. मुंबईच्या पल्ल्याबाहेरच्या मराठी गावांना मुंबईच्या मराठीआधी दिल्लीची हिंदी स्वच्छ दिसू लागली, आणि तिथल्या पहिल्या टीव्ही-पिढीचा आवडत्या मालिकेशी पहिला परिचय हिंदीतूनच झाला.

त्यातही शाळेनंतरची वेळ रिकामीच होती. ऐंशीच्या दशकात प्रक्षेपण मुख्यतः संध्याकाळचे. सकाळची सभा, म्हणजे प्रक्षेपणाचे सत्र, १९८७ मध्ये आणि दुपारची १९८९ मध्ये सुरू झाली. अपवाद होता तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘कंट्रीवाइड क्लासरूम’चा, जो १५ ऑगस्ट १९८४ पासून दुपारी लागत असे. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होता, परंतु पडद्यावर काहीतरी हलते आहे एवढ्याच कारणाने पाचवी-सहावीतली मुले स्फटिकांची रचना किंवा समुद्रतळावरील जीव निमूटपणे पाहत बसत. मुलांना खरोखर हवे असलेले कार्यक्रम, म्हणजे ‘विक्रम और बेताल’, ‘मालगुडी डेज’, ‘एक दो तीन चार’ आणि पुढे १९९३ मधील मोगलीची जपानी ‘जंगल बुक’, हे एकतर दिवेलागणीनंतर नाहीतर रविवारी सकाळी असत. म्हणूनच त्या पिढीच्या आठवणींत दप्तरापेक्षा रविवारचे अभ्यंगस्नान लवकर उरकण्याची घाई अधिक असते.

नाशिकमधील शाळांच्या वेळांचाही येथे विचार केला पाहिजे. शहरातील मोठ्या मराठी शाळा जागेअभावी दोन सत्रांत भरत आल्या आहेत. सकाळच्या सत्राचे मूल जेवायच्या वेळेस घरी येई, तेव्हा पडद्यावर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’खेरीज काहीच नसे. दुपारच्या सत्राचे मूल साडेपाचनंतर शालिमारहून किंवा रविवार कारंज्यावरून चालत घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळचे प्रक्षेपण सुरू होण्याच्या बेतात असे. एकाच घरातील दोन भावंडांच्या आठवणी न जुळण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. शनिवारी सर्वांचीच शाळा सकाळची. सप्टेंबर १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ सुरू झाला तो प्रथम शनिवारीच, दुपार होण्याआधी, आणि त्या काळात शनिवारी शाळा सुटल्यावर रस्त्यात कोणी रेंगाळत नसे. पुढे तो रविवारी दुपारी गेला. दूरदर्शनच्या सुवर्णकाळातील ‘शाळेनंतरचा’ म्हणता येईल असा कार्यक्रम हुडकायचा झाला, तर माझ्या मते हाच.

मराठीतून मुलांसाठी काही झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वरील मालिका राजदत्त यांनी दिग्दर्शित केली आणि ती ज्यांनी पाहिली ते तिच्या शीर्षकगीतासह तिला विसरलेले नाहीत. राज्य शासनाची ‘बालचित्रवाणी’ ही संस्था १९८४ मध्ये पुण्यात उभी राहिली आणि शालेय अभ्यासक्रमाला धरून तिने शेकडो छोटे कार्यक्रम तयार केले. बाहुल्या, गाणी, साधे विज्ञानप्रयोग, इतिहासातील प्रसंग. खर्च बेताचा, पण मुलांशी बोलण्याची रीत अकृत्रिम. अडचण वेळेची होती. हे कार्यक्रम वर्गात टीव्ही लावून दाखवावेत या हेतूने सकाळी प्रक्षेपित होत. वर्गात टीव्ही असलेल्या शाळा विरळा, त्यामुळे प्रत्यक्षात ते पाहिले दुपारच्या सत्राच्या मुलांनी, आंघोळ आणि जेवण यांच्यामधल्या वेळात, आईचा डबा भरून होईपर्यंत. म्हणजे मुलांसाठी मराठीतून नियमितपणे मिळणारी जी एक वेळ होती, ती शाळेनंतरची नव्हे तर शाळेआधीची होती. ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. निधी आणि वेतनाचे प्रश्न बरीच वर्षे रेंगाळत ठेवून मग ती बंद करणे, हा निर्णय आजही खटकतो.

आखाती युद्धाच्या सुमारास, १९९१ पासून, उपग्रह वाहिन्या आल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड या भागांत गल्लीतल्याच एखाद्या उद्योगी तरुणाने गच्चीवर तबकडी बसवावी, विजेच्या खांबांवरून आणि गुलमोहराच्या फांद्यांवरून तार ओढावी, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन दारोदार पैसे गोळा करावेत, अशी ही व्यवस्था होती. केबलवाल्याचा कायदा १९९५ मध्ये झाला. तोवर धंदा चांगला रुजला होता. याच वर्षी १ मे रोजी कार्टून नेटवर्क भारतात आले आणि शाळेनंतरची वेळ प्रथमच मुलांच्या मालकीची झाली.

मात्र ते इंग्रजीत होते. दिवसाचे कार्टूनचे तास संपले की त्याच वाहिनीवर टीएनटी या दुसऱ्या वाहिनीचे जुने हॉलिवूड चित्रपट सुरू होत, आणि उशिरा घरी आलेल्या मुलाला टॉम अँड जेरीऐवजी टोपी घातलेले कृष्णधवल गृहस्थ भेटत. मराठी माध्यमाच्या मुलांनी हे इंग्रजी कसे पचवले, याचे उत्तर सोपे आहे : टॉम आणि जेरी बोलत नाहीत, आणि ‘स्कूबी डू’मध्ये भूत शेवटी कोणीतरी बुरखाधारी लबाड निघतो हे समजायला भाषा लागत नाही. १९९९ पासून हिंदी भाषांतरे येऊ लागली. स्टार प्लसवर ‘स्मॉल वंडर’ हिंदीत लागे. नंतर ‘सोन परी’ आणि ‘शका लका बूम बूम’ आल्या, आणि ‘शका लका’तल्या जादूच्या पेन्सिलीची नक्कल मेन रोडवरच्या दुकानांत टांगलेली दिसू लागली. २००४ मध्ये पोगो, हंगामा आणि डिस्ने या तीनही वाहिन्या सुरू झाल्या. डोरेमॉन, शिनचॅन, पुढे २००८ मध्ये हैदराबादेत तयार झालेला ‘छोटा भीम’, हे सारे हिंदीत. जुन्या पिढीच्या मुलांनी हिंदी आठवड्यातून एकदा ऐकली होती. ही मुले रोज दोन-तीन तास ऐकत होती, आणि सोसायटीच्या आवारात खेळताना भांडणेसुद्धा हिंदीत करू लागली. अल्फा मराठी १९९९ मध्ये आणि ई टीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाली, परंतु त्यांचे लक्ष रात्रीच्या कौटुंबिक मालिकांवर राहिले. दुपारी चार ते सहा ही वेळ मराठी वाहिन्यांनी पुनःप्रक्षेपणांवर भागवली. मराठी बालप्रेक्षक हिंदीकडे वळला, अशी तक्रार वारंवार होते. त्याला वळण्यासाठी दुसरी वाट फारशी ठेवलेली नव्हती, हे तक्रार करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

या काळातील नाशिकच्या मुलांच्या आठवणींत आणखी एक गोष्ट हमखास येते, ती भारनियमनाची. २००५ नंतरची काही वर्षे राज्यात विजेचा तुटवडा तीव्र होता आणि कोणत्या भागात वीज कधी जाणार याची वेळापत्रके वर्तमानपत्रांत छापून येत. टीव्हीच्या कार्यक्रमांपेक्षा ती कोष्टके मुले अधिक बारकाईने वाचत. नाशिकरोडलगत एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र धूर सोडताना दिसत असूनही आपल्याकडे वीज का नसते, हा प्रश्न घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी टाळलेला आहे. दुसरे भारनियमन घरगुती होते : दहावीचे वर्ष लागले की अनेक घरांत केबल कापली जाई, आणि त्याची शिक्षा धाकट्या भावंडांनाही विनाकारण भोगावी लागे.

केबलच्या अंकीकरणाच्या (डिजिटायझेशनच्या) दुसऱ्या टप्प्यात नाशिकचा समावेश होता आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. सेट टॉप बॉक्स आले, वाहिन्यांचे संच ठरले, आणि वही घेऊन येणारा केबलवाला हळूहळू एखाद्या मोठ्या कंपनीचा वसुली प्रतिनिधी झाला. २०१६ च्या अखेरीस मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर ठरावीक वेळी ठरावीक कार्यक्रम लागण्याची गरजच उरली नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’, ‘शक्तिमान’ अशा जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, तेव्हा त्या पाहायला बसली ती मुख्यतः आईवडिलांची पिढी. मुले शेजारच्या खोलीत मोबाइलवर शाळेचा तास करीत होती.