जयप्रभा स्टुडिओ जळीत
महात्मा गांधींच्या हत्येनंतर (३० जानेवारी १९४८) उसळलेल्या दंगलीत कोल्हापूर येथील चित्रपटनिर्माते भालजी पेंढारकर (१८९८–१९९४) यांच्या स्टुडिओची झालेली जाळपोळ. मारेकरी नथुराम गोडसे ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरेदारे पेटवण्यात आली. कोल्हापूर तेव्हा संस्थानच होते. मुंबई प्रांतातील विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले.

या जाळपोळीमागे तात्कालिक लोकक्षोभ पाहणारा एक पक्ष आहे; दुसरा भालजींच्या हिंदुत्वनिष्ठ राजकीय मतांवर भर देतो. तथापि वेदोक्त प्रकरणापासून (छत्रपती शाहू महाराजांना वेदोक्त विधींचा अधिकार नाकारल्यावरून पेटलेला वाद) संस्थानात धुमसत राहिलेला ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद जमेस धरल्याखेरीज या घटनेचा पुरता उलगडा होत नाही.

स्टुडिओचा पूर्वेतिहास कोल्हापूर सिनेटोन (१९३३) या संस्थेशी जोडला जातो. भालजींनी दिग्दर्शित केलेला ‘आकाशवाणी’ (१९३४) हा तिचा आरंभीचा बोलपट. स्टुडिओ भालजींकडे आला तो विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात.

भालजींच्या चरित्रात ही आग बहुधा एका वाक्यात उरकली जाते. चित्रपटाच्या दृष्टीने मात्र तिचे स्वरूप नीट समजून घ्यायला हवे. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. या पदार्थाच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे एकदा पेटल्यावर तो हवा तोडून विझत नाही. पाण्यात बुडवलेले रीळही जळत राहते आणि नायट्रोजन ऑक्साइडांचा विषारी धूर सोडते. हजार फुटांच्या रिळात पडद्यावरची जेमतेम अकरा मिनिटे मावतात. दोन तासांच्या चित्रपटाला अशी दहा-अकरा रिळे लागत. भिंती, पडदे, कपडेपट पुन्हा उभे करता येतात. पण मूळ निगेटिव्ह जळाली आणि प्रतही उरली नाही, तर चित्रपटच संपतो. व्यावसायिक चित्रपटांसाठी सुरक्षित ॲसिटेट फिल्म रूढ होऊ लागली ती नेमकी याच सुमारास, आणि पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन व्हायला १९६४ उजाडले.

‘मीठभाकर’ या आगीत नष्ट झाला व भालजींनी तो नव्याने चित्रित केला, असे सामान्यतः मानले जाते. आज या नावाने ओळखला जातो तो हा दुसरा चित्रपट (१९४९). पहिल्या चित्रणातला अभिनय, प्रकाश, संकलन यांची जागा त्याला घेता येत नाही, ही हानी वेगळी नोंदवली पाहिजे.

भालजींनी कर्ज आणि कष्ट सोसून स्टुडिओ पुन्हा उभा केला. पुढे तो लता मंगेशकर यांच्या मालकीचा झाला.