शाळेत येणारी फिरती चित्रशाळा : मुख्याध्यापक, कलाशिक्षक आणि पालक-शिक्षक संघांसाठी माहिती

मुंबईत १८५७ पासून सर ज. जी. कलाशाळा आहे आणि १९५२ पासून जहांगीर कलादालन आहे. तरीही मानखुर्द किंवा मालवणी येथील शाळेला एका वर्गासह दक्षिण मुंबईत जायचे म्हटले, तर बस, पालकांची संमतिपत्रे आणि अख्खा दिवस एवढी तयारी करावी लागते. म्हणून आमचे शिक्षक साहित्य घेऊन शाळेतच येतात.

'चित्र काढा' असे सांगितले की पुष्कळ मुलांच्या कागदावर दोन डोंगर, मधोमध सूर्य, नदी आणि कौलारू घर उमटते. याचे कारण मुलांकडे कल्पनाशक्ती नाही हे नव्हे. कसे काढायचे हे त्यांना अनेकदा दाखवले जाते, पण नीट पाहायला क्वचितच सांगितले जाते. आमच्या पहिल्या भेटीत त्यामुळे बराच वेळ पेन्सिल बाजूलाच असते. वर्गाच्या मध्यभागी पितळी तांब्या, कंदील, नारळाची करवंटी अशा वस्तू ठेवल्या जातात आणि मुले जागा बदलून त्या पाहतात. तांब्याचे तोंड गोल असते हे प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु बसल्या जागेवरून ते लंबवर्तुळ दिसते आणि डोळ्यांच्या पातळीला आणले की जवळजवळ सरळ रेषा होते. हा फरक ज्या मुलाने स्वतः टिपला, त्याला यथार्थदर्शनाचा, म्हणजे वस्तू डोळ्यांना दिसते तशी कागदावर दाखवण्याचा, नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांतील वस्तुचित्र व स्मरणचित्र या विषयांना हा सराव उपयोगी पडतो. मात्र आम्ही परीक्षेची शिकवणी घेत नाही.

दुसरी भेट वारली चित्रांची असते. गेरूने रंगवलेल्या कागदावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी वापरून मुले काम करतात. त्याआधी शिक्षक सांगतात की लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर चौक (लग्नाचे चौकोनी चित्र) लिहितात, त्यात पालघट ही लग्नाची देवी असते, आणि ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगभर पोहोचवणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आरे परिसरातील पाड्यांवर वारली कुटुंबे आजही राहतात, म्हणजे हे लोक मुंबईकर मुलांचे शेजारीच आहेत. एवढे न सांगता मुलांकडून केवळ त्रिकोणी माणसे काढून घेणे आम्हाला योग्य वाटत नाही.

तिसऱ्या भेटीत शाडूच्या मातीत उठावशिल्प केले जाते. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील पाने, पक्षी आणि प्राणी यांचे बरेचसे कोरीवकाम त्या काळच्या मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केले होते. त्याची मोठी छायाचित्रे पाहून मुले आपल्या शाळेच्या आवारातील एखादे पान किंवा पक्षी मातीत घडवतात.

प्रत्येक भेटीसाठी दोन जोडतासिका लागतात आणि सकाळ व दुपार अशा दोन्ही सत्रांत येणे आम्हाला शक्य असते. बाके बाजूला सारता येतील अशी खोली आणि जवळ पाण्याचा नळ असावा. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने कागद सादळतो आणि जलरंग लवकर वाळत नाहीत. त्या महिन्यांत आम्ही तैलखडू आणि शाडूचे काम आधी घेतो, कारण शाडू सावकाश वाळला की त्याला तडे कमी जातात.

शाळेच्या कलाशिक्षकांनी वर्गात पूर्ण वेळ उपस्थित राहावे, असा आमचा आग्रह आहे. आम्ही पाहुणे आहोत. पुढच्या आठवड्यात मुलांचे प्रश्न त्यांच्याकडेच जाणार असतात. शुल्क वर्गागणिक आकारले जाते, त्यात सर्व साहित्य येते आणि मुलांकडून वेगळे पैसे घेतले जात नाहीत. स्पर्धा, क्रमांक किंवा बक्षिसे आम्ही ठेवत नाही. चित्रे मुलांकडेच राहतात आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणाचेही छायाचित्र काढले जात नाही.

नोंदणीसाठी शाळेच्या पत्रावर इयत्ता, पटसंख्या, सत्र आणि सोयीचे वार कळवावेत. वर्गात कमी दृष्टी असलेले किंवा हाताच्या हालचालीत अडचण असलेले विद्यार्थी असतील, तर त्याच पत्रात तसा उल्लेख करावा, म्हणजे स्पर्शाने ओळखता येतील अशा वस्तू आणि जाड मुठीची साधने आम्हाला सोबत आणता येतील.